अकरा रिकाम्या ओळी

कुमुद, आज सकाळपासून तुझी फाइल मी चार वेळा उघडली आणि चार वेळा बंद केली. मधल्या वेळात कूलरमध्ये पाणी भरलं, धुतलेल्या वाट्या पुन्हा धुतल्या, तुझ्या कपाटातल्या साड्या बाहेर काढून त्याच घड्यांवर परत आत ठेवल्या. तुला जाऊन अठरा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे गेले, शिरीष कॅनडाला परत पोचला. घरात आता मी एकटी आहे आणि मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. तू असतीस तर पलंगावरूनच ओरडली असतीस, "वैनी, बस ना वं घडीभर! काहून अशी फिरून राहिली?"

बसले की तुझी बारा पानं समोर येतात. पहिली तीन तू सावरलेली. पुढची नऊ मी बिघडवलेली.

हे तुला लिहिते आहे, पण अन्वी आणि ओजस, शिरीषची मुलं, माझी नातवंडं, तीही वाचणार आहेत. म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा सांगते, कंटाळू नकोस. मुलांनो, तुमची आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. हे कुटुंब भिवापूरचं. शेतीतून उठून नागपुरात नुकतंच स्थिरावलेलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या डकवल्या. कुमुदनं मोहरीच्या डब्यात जिरं भरलं आणि मी फोडणी चुकवल्यावर म्हणाली, "वैनी, वाचत काय बसली? वास घेऊन पाह्य ना वं." तेव्हापासून पन्नासहून जास्त वर्षं आम्ही दोघी एकाच छपराखाली राहिलो.

आठवणी लिहायचं तुझ्या डोक्यात अन्वीनं घातलं. मागच्या दिवाळीत व्हिडिओवर तिनं विचारलं, "आत्याआजी, तू माझ्याएवढी असताना दिवसभर काय करायचीस?" तू म्हणालीस, "मिरच्याचे देठ खुडत व्हती, अन् तेच हात डोयाले लागले का बोंबलत व्हती." पोरगी इतकी हसली की तू दुसऱ्या दिवशी माझा लॅपटॉप मागून घेतलास. तीस वर्षं तू कोराडीच्या बसनं वीज केंद्राच्या ऑफिसला गेलीस, लोकांची पत्रं टाइप केलीस, संध्याकाळी पिशवी झटकलीस की राख उडायची. तरी स्वतःसाठी एक ओळ तू कधी टाइप केली नव्हतीस.

तुझं टायपिंग पाहताना माझा जीव वर-खाली व्हायचा. तू जुन्या टाइपरायटरवर शिकलेली. ओळ संपत आली की तुझा डावा हात हवेत उठायचा, दांडा ओढायला. दांडा नाही हे लक्षात आलं की तो खाली येऊन एंटर दाबायचा. प्रत्येक ओळीला एंटर. मी सांगितलं, "अगं, मशीन आपोआप खालच्या ओळीवर जातं."

"जात असंन. पन म्या कवा खाली जाचं ते मशीन कायले ठरवंन?"

पान बदलायचं असेल तर पान संपेपर्यंत एंटर. शब्द उजवीकडे सरकवायचा असेल तर जागा सोडायची पट्टी टकटक टकटक. आणि बोलताना दम घ्यायला थांबायचीस तिथे एक ओळ रिकामी, कुठे दोन, कुठे पाच. भाषेचंही तेच. मी म्हटलं, 'मले'चं 'मला' करू या, मुलांना सोपं जाईल. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. "आफिसात तीस वर्सं 'मला' टाइप केलं वैनी. हे पत्र साहेबाचं नाई, माहं हाय." मला पटलं नाही. तो वाद आपला चालूच होता.

मग एक दिवस तुझं बोट कुठल्या तरी भलत्या कळांवर पडलं आणि सगळं पान खुणांनी भरून गेलं. दोन शब्दांमध्ये बारीक ठिपका. सरकवलेल्या जागी बाण. आणि जिथे जिथे तू एंटर दाबला होतास तिथे तिथे पाठमोऱ्या इंग्रजी 'पी'सारखी एक खूण. मला वाटलं मशीन बिघडलं. तू मात्र खूश. "पाह्य वैनी, कुठं काय ठेवलं ते सारं दिसून राहिलं!"

मला ते पान पाहवेना. जमिनीवर गूळ सांडून मुंग्या लागाव्यात तसं दिसायचं. इंग्रजीतलं मदतीचं पान वाचून मी ते बटन शोधून काढलं. ते दाबलं की खुणा लपतात, पुन्हा दाबलं की येतात. तू आंघोळीला गेलीस की मी लपवायचे. बाहेर येऊन तू पुन्हा दाखवायचीस. "तू आपले डोये झाक ना. माह्या पानाले काहून झाकून राहिली?" आठवडाभर हा खेळ चालला. तेव्हा मला राग यायचा, आणि आता वाटतं, दोन म्हाताऱ्या एका बटनावरून भांडत होत्या, त्या दिवसांइतकं भरलेलं हे घर पुन्हा होणार नाही.

त्याच आठवड्यातली एक दुपार. मी चहा घेऊन तुझ्या मागे उभी राहिले. पडद्यावर एक ओळ होती, "वैनी शायेत मास्तरीन म्हनून लागली." तिच्या खाली नुसत्या त्या पाठमोऱ्या खुणा, एकीखाली एक, रांगेनं. आणि मग पुढची ओळ, "मंग मी बाळाले सांभाळाले घरी राह्यली."

मास्तरणीची सवय, मी मोजल्या. "कुमुद, इथे अकरा ओळी रिकाम्या सोडल्यास."

"मोजल्या का तुनं?"

"मोजल्या."

"मंग बरोबर असंन."

"इथे काही लिहायचं राहिलंय का?"

"लिवाचं असतं तं लिवलं नसतं का वं?" म्हणालीस आणि कप माझ्या हातातून घेतलास.

मी दोन्ही ओळी वाचल्या होत्या, कुमुद. मधल्या जागेत काय आहे ते मला कळलं होतं. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

मार्चमध्ये तू चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला भिवापूरला गेलीस, येताना वर्षाची मिरची घेऊन येते म्हणालीस. चार दिवस घर माझ्या ताब्यात. मी ठरवलं, तू येईपर्यंत फाइल स्वच्छ करून, छापून, पिन मारून ठेवायची. तुला आवडेल, असं मला खरंच वाटलं होतं. मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की त्या खुणा छापताना कागदावर येत नाहीत, नुसत्या लपवल्या तरी पुरे. पण पलंगाखाली सारलेला केर मला केरच वाटतो. लपवून माझं समाधान होईना. मला त्या काढूनच टाकायच्या होत्या. शोधा आणि बदला, अशी एक सोय असते. वरच्या चौकटीत एंटरची खूण लिहायची, खालच्या चौकटीत एक साधी जागा, आणि मग 'सगळे बदला'. मी ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, कागदावर उतरवून घेतलं, आणि दाबलं. मशीननं सांगितलं, चारशे सदतीस ठिकाणी बदल केले.

क्षणात तुझी पानं एकमेकांत शिरली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच सलग ठोकळा. मला ते चुकीचंही वाटलं नाही! मला वाटलं, आता याचे नीट परिच्छेद पाडू, प्रसंगानुसार. फाइल जतन केली, बंद केली. मग तुझ्या नावाच्या आणखी दोन फाइली दिसल्या, 'आठवणी २' आणि 'आठवणी नवी'. एकाच गोष्टीच्या तीन-तीन प्रती कशाला, म्हणून त्या पुसल्या आणि कचऱ्याचा डबाही रिकामा केला. नीटनेटकं राहायची सवय अशी कामाला आली.

तू आलीस. मिरचीचं पोतं व्हरांड्यात टेकवलंस, पाणी प्यायलीस, लग्नात कोण किती जाड झालं ते सांगितलंस आणि लॅपटॉप उघडलास. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते.

"वैनी, हे कोनाचं हाय?"

"तुझंच. स्वच्छ केलं मी."

"माहं असं नाई."

मी हात पुसत बाहेर आले. "अगं, मजकूर तोच आहे. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तुला हवं तर वाचून बघ."

"अक्षरं तं म्या जनमभर लोकाइची टाइप केली," तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता, आणि त्यानंच मला भीती वाटली. "जागा माही व्हती. थेच तुनं काढली."

मी वाद घातला. त्यातल्या बऱ्याचशा खुणा नुसत्या तुझ्या जुन्या सवयीच्या होत्या, असं म्हणाले. ते तू मान्यही केलंस. पण कोणत्या सवयीच्या आणि कोणत्या मुद्दाम सोडलेल्या, हे मशीनला कळत नव्हतं, आणि तुला मी विचारलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "चार एंटर मारायचे, त्यात काय एवढं?" हे वाक्य मी म्हटलं. या अठरा दिवसांत ते किती वेळा ऐकू आलं याचा हिशेब नाही.

तू दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललीस. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून पहिल्या शब्दापासून सुरुवात केलीस. ओठ हलवत वाचायचीस, थांबायचीस, एंटर दाबायचीस. कधी दाबलेला परत काढायचीस. रोज दुपारी तासभर. मला जवळ बसू द्यायची नाहीस. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत तो आवाज ऐकायचे. आल्याचा चहा करून तुझ्याजवळ ठेवायचे. ती माझी माफी होती, आणि तुलाही ते समजत होतं, कारण घोट घेऊन तू म्हणायचीस, "साखर कमी हाय." दुसऱ्या दिवशी मी साखर वाढवायचे. तोंडानं मात्र मी कधी म्हटलं नाही की माझं चुकलं. पोरींच्या वह्यांवर 'चूक' असा शेरा आयुष्यभर लाल शाईनं लिहिला. स्वतःवर लिहायची वेळ आली तेव्हा चहा केला.

तीन पानं झाली आणि तुला दम लागायला लागला.

दवाखान्यातले दोन दिवस मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की दुसऱ्या दिवशी तू नळी बाजूला सारून म्हणालीस, "वैनी, थे फाइल तशीच ठेव. हात नको लावू."

"नाही लावत," मी म्हटलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तू जागी होतीस, खोलीत कुणी नव्हतं, तुझा हात माझ्या हाताखाली होता. मी चादरीची वळी सरळ केली.

गेल्या गुरुवारी शिरीषचा फोन आला. "आई, मुलं आत्याचं लिखाण मागताहेत. रविवारी तू वाचून दाखव ना. आणि नंतर फाइल पाठव." मी म्हटलं, फाइल नीट नाही, सलग झाली आहे. तो म्हणाला, "मग तू पाड ना परिच्छेद. तू तर टीचर." त्याचंही चुकलं नाही. त्याला काय झालं ते मी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या फाइलला हात लावायचा नाही म्हणून मी तिची एक प्रत काढली आणि प्रतीवर काम सुरू केलं. म्हणजे शब्द मोडला नाही, असं स्वतःला समजावलं. तासाभरात नऊ पानांचे सुंदर परिच्छेद पाडले. मिरचीचा हंगाम वेगळा, सासूबाईंचं आजारपण वेगळं, कोराडीची नोकरी वेगळी. मोठ्यानं वाचून पाहिलं. माझ्या शाळेतल्या एखाद्या हुशार मुलीनं लिहिलेला निबंध वाटला. त्यात तू कुठेच नव्हतीस. प्रत पुसली. दुसरी काढली. या वेळी तुझ्यासारखं थांबून बघू म्हटलं. बसचा कंडक्टर तुला 'बाई, राख झटकून चढा' म्हणाला, त्या वाक्यानंतर तू थांबली असतीस का? की हसत पुढच्या वाक्यात गेली असतीस? ह्यांच्या शेवटच्या आजाराबद्दल तू चारच वाक्यं लिहिली आहेस. ती एका श्वासातली की चार वेगळ्या दुपारची? मी एंटर दाबायचे, काढायचे, दाबायचे. पन्नास वर्षं एका घरात राहिले, हे गेल्यापासून रोज रात्री शेजारच्या पलंगावर तुझा श्वास ऐकला आणि तुझ्या एका वाक्याचा ठावठिकाणा मला लागत नव्हता. ती प्रतही पुसली.

मग वाटलं, तू सावरलेली तीन पानं नीट अभ्यासावीत. तू कशी थांबतेस ते त्यातून कळेल. ते बटन दाबलं. ज्याच्यावरून आपण भांडलो तेच. खुणा दाखवा. ठिपके, बाण आणि तुझ्या खुणा रांगेनं उभ्या राहिल्या, आणि मी त्या पहिल्यांदा सावकाश पाहिल्या. लहानपणी हरवलेल्या बकरीच्या गोष्टीत एकही रिकामी ओळ नाही, धाप लागेपर्यंत धावत सांगितली आहेस. आईच्या बांगड्यांबद्दल लिहून झाल्यावर तीन रिकाम्या. मी पुढे पुढे गेले. तिसऱ्या पानाच्या तळाशी ती ओळ आली.

"वैनी शायेत मास्तरीन म्हनून लागली."

आणि लगेच खाली, मध्ये काहीही न सोडता, "मंग मी बाळाले सांभाळाले घरी राह्यली."

त्या अकरा ओळी तू परत ठेवल्या नव्हत्यास.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वरखाली गेले. चष्मा पुसला. काम तिथेच थांबलेलं होतं, त्याच्यापुढे ठोकळा सुरू. त्या दिवशी तू थकली होतीस का? किती ओळी होत्या ते विसरलीस का? तू विसरणं मला कठीण वाटतं. "मोजल्या का तुनं" असं विचारणारी बाई स्वतःही मोजते. की आता हे मुलं वाचणार, म्हणून तू मला वाचवलंस? आधी लिहिताना चीड होती, दुसऱ्यांदा लिहिताना उरली नव्हती, असं काही? कुमुद, हे मी कुणाला विचारू?

मी बोट एंटरवर ठेवलं होतं. अकरा वेळा दाबायचं, बस. ही एकच जागा अशी होती जिथलं मोजमाप मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या हातून गेलेलं निदान एवढं तरी भरून निघालं असतं. पण तू तसं ठेवलेलं नव्हतंस. तुझ्या लिखाणात काय असावं ते मी पुन्हा एकदा ठरवत होते, या खेपेला पश्चात्तापाच्या नावाखाली. बोट उचललं. फाइल तशीच ठेवली.

त्या जागेत जे होतं ते मात्र मला माहीत आहे, आणि ते सांगायला मला तुझी फाइल लागत नाही. माझ्या कागदावर लिहिते.

मॅट्रिक तू चांगल्या गुणांनी पास झालीस. कॉलेजचा फॉर्म इंग्रजीत होता, तो मीच भरून दिला, माझ्या सुबक अक्षरात. तू शेजारी बसून नाव कसं लिहितात ते पाहत होतीस. त्याच महिन्यात मला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. शिरीष आठ महिन्यांचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले. रात्रीच्या जेवणाला ह्यांनी विषय काढला आणि मी म्हणाले, "कुमुदनं एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं? पुढच्या वर्षी जाईल." हे मी म्हणाले. ह्यांनी नाही, सासूबाईंनी नाही. तू ताट उचललंस आणि मोरीवर गेलीस. पुढच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही 'पुढच्या वर्षी'. तिसऱ्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. तो फॉर्म माझ्या कपाटात राहिला आणि एका दिवाळीला मी कपाट आवरताना फाडून टाकला.

मग शिरीष पाचवीत गेला आणि एक दिवस तू कुणालाही न विचारता टायपिंगच्या क्लासला गेलीस. ऑफिसात लागलीस. पहिल्या दिवशी बसला उशीर झाला म्हणून तू दोन मैल चालत आलीस आणि दारातच म्हणालीस, "वैनी, आज चाय तू कर. मी बी नोकरीवरून आली." मी किती आनंदानं चहा केला होता तो! हायसं वाटलं होतं मला. वाटलं, फिटलं.

माझी तीस वर्षांची नोकरी, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी, निरोप समारंभात मिळालेली शाल, हे सगळं तू घरी थांबलीस त्यावर उभं राहिलं. शिरीषला पहिला शब्द तू शिकवलास, पोहायला तू नेलंस, गोवरात रात्रंदिवस तू बसलीस. मी हे कधी तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू हात झटकून 'जाऊ दे ना वं' म्हणाली असतीस, हे मला ठाऊक होतं. पण तू काय म्हणशील ते ठाऊक आहे म्हणून मी म्हणायचंच नाही, हे सोयीचं होतं माझं.

काल रविवार होता. संध्याकाळी व्हिडिओ लावला. तिकडे सकाळ, ओजसच्या हातात दुधाचा पेला, अन्वी मांडी घालून, मागे शिरीष. मी वाचायला लागले. तुझ्याच भाषेत वाचलं, 'मले'चं 'मला' न करता. सुरुवातीला माझी जीभ अडखळत होती. मिरचीवर मुलं हसली. बकरी सापडली तेव्हा ओजसनं टाळी वाजवली. मग ती ओळ वाचली, आणि तिच्या खालची.

मी थांबले. म्हटलं, "मुलांनो, आधी आत्याआजीनं इथे अकरा ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. मग तिनं त्या ठेवल्या नाहीत. तिथे काय होतं ते मी सांगते." आणि वर लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. नऊ पानं कुणी बिघडवली तेही.

शिरीष म्हणाला, "पण आत्या तर म्हणायची, मला शाळेचा कंटाळा होता."

"ते मी म्हणायचे," मी म्हटलं. "ती नुसती हो म्हणायची."

तो पडद्यावरून बाजूला झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अन्वी खाली मान घालून बोटाशी चाळा करत राहिली. ओजस अकरा वर्षांचा, त्याला हिशेब सरळ लागतो. "मग पुढच्या वर्षी गेली का ती कॉलेजला?"

"नाही."

"त्याच्या पुढच्या?"

"नाही रे."

"तिला जायचं नव्हतं?"

"जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. चुकलं माझं."

निघालं शेवटी तोंडातून. ऐकायला तू नव्हतीस. आपल्या खोलीत, तुझ्या पलंगाकडे पाठ करून, एका अकरा वर्षांच्या मुलाला मी ते सांगितलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आज सकाळपासून फिरतेच आहे.

फाइल शिरीषला आज पाठवणार आहे, जशी आहे तशी, खुणा दिसतात त्याच रूपात. सोबत हे माझं पत्र. परिच्छेद पाडायचे नाहीत, असं त्याला बजावून सांगितलं आहे. तो बरं म्हणाला, आवाज बसलेला होता त्याचा.

काल मी सांगून झाल्यावर ओजसनं दुधाचा पेला बाजूला ठेवला. शिरीष परत येऊन बसला होता, डोळे धुतलेले. मला वाटलं, आता मुलं फोन ठेवतील. मग अन्वी म्हणाली, "आजी, पुढे वाच ना."

पुढे सगळं सलग होतं. कुठे थांबायचं ते मला माहीत नव्हतं. मी वाचत गेले.